दातांचा रोज

मंदी आली हे आमाला मुकादमानं सांगितलं, आणि तेबी चाळणीकडं तोंड करून.

दुपारची सुट्टी झालती. आमी तीस बाया डाळमिलीच्या पत्र्याखाली भाकरी सोडून बसलो होतो. खाजामियाँ मुकादम आला. रुमालानं मान पुसली, पुन्हा पुसली, आणि बंद चाळणीकडं बघत म्हणला, "बायांनो, यंदा दिवाळीचा बोनस न्हाई. मालकाचा निरोप हाय. मंदी हाय."

कुणीबी हातातला घास खाली ठेवला न्हाई. ठेवला असता तर आमी ऐकलं असं झालं असतं. निस्ती बेगमबी बोलली. बेगमबी म्हणजे ह्याच खाजामियाँची बायको. साठीची, तोंडात एक दात न्हाई, पत्र्याखाली बसून डाळ निवडते. पण जीभ अशी, की वर दातबी असते तर कुणाची खैर नव्हती.

"सकाळी माझ्या हातचा चहा पिऊन आलात न तुमी?" ती म्हणली. "तवा काईकू न्हाई बोलले? का मंदी रस्त्यात भेटली?"

बाया हसल्या. खाजामियाँबी हसला असता, पण नोकरी होती बिचाऱ्याची. "मी निस्ता निरोप्या हाय," म्हणला आणि गेला.

मला हसू आलं न्हाई. माझी पुनम बारावीला, सायन्सला. तवा लातुरात गल्लोगल्ली क्लास उघडलते. कुठली कुठली पोरं येऊन एकेका खोलीत सहा-सहा खाटा टाकून राहायची. आमची तर घरची पोरगी, आणि हुशार. अर्धी फी आषाढात भरली, ती माझं डोरलं गहाण ठेवून. उरलेली अर्धी दिवाळीच्या सुट्टीआधी भरायची. तिच्यासाठी मी बोनस धरून ठेवलता. न भरणाऱ्यांची नावं क्लासवाले दर शनिवारी सुटताना माईकवर वाचायचे. पाचशे पोरांत माझ्या लेकराचं नाव चार शनिवार घुमलं. सुट्टीनंतर तर आतच घेणार न्हाई म्हणले.

आता माझं काम सांगते, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई.

तूर अशीच नेऊन भरडली तर डाळ होत न्हाई, भुगा होतो. आधी तिला तेल चोळायचं, ढीग लावून मुरू द्यायची, मग अंगणात उन्हाला पसरायची. अंगण शिमिटाचं, ह्या टोकाची बाई त्या टोकाला ओळखू येऊ नये एवढं. बाया अनवाणी पायानं तुरीतून पाय ओढत चालतात, म्हणजे वरचा दाणा खाली जातो, खालचा वर येतो. वर ऊन, खाली तापलेला शिमिट, टाचांच्या भेगांत तेल आणि कचरा. दोन दिवस असं चालायचं, कधी तीन. मग उचलायची. पण कधी उचलायची? तिथंच सगळं हाय. कच्ची उचलली तर भरडताना दाणा चेपतो, टरफल सोडत न्हाई. जास्त वाळली तर तुकडे होतात. ह्या दोन्हीच्या मधी थोडा येळ असतो, आणि तो माझ्या दाढेला कळतो.

चार जागचे चार दाणे घ्यायचे. एकेक उजव्या दाढेखाली धरायचा आणि दाबायचा. चेपला तर कच्चा. भुगा झाला तर गेला हातचा. 'कट्' वाजून दोन साफ फाका झाल्या, की मी जीव खाऊन वरडते, "उचलाऽऽ!" आणि तीस जणी फावडी-टोपली घेऊन धावतात. मी वरडल्याबिगर आमच्या मिलीत तूर उचलत नसत. मुकादमबी माझ्या तोंडाकडं बघत बसायचा. ह्याचा वेगळा पैसा मला कधी मिळाला न्हाई. मी मागितला न्हाई, कुणी दिला न्हाई. तशीच चाल होती.

ही विद्या मला बेगमबीनं दिली. तिचे दात होते तोवर ती चावायची. भूकंपात आमचं गाव आडवं झालं, पुनमच्या बाबाचा गुडघा भिंतीखाली चुरला, आमी लातुरात आलो. मी मिलीच्या दारात उभी राहिले तवा माझ्या अंगावर मदतीच्या वाटपातलं लुगडं होतं. बेगमबीनं मला ओळख ना पाळख, हाताला धरून आत नेलं. तिची दाढ हलायला लागली तवा एक दिवस माझ्या तोंडात दाणा घातला आणि म्हणली, "चाव. काय म्हणतो सांग." दोन सुगी मी चावत होते आणि ती डोक्यात टपली मारत होती. मग एकदा मी "झाली" म्हणलं, आणि तिनं मारलं न्हाई.

*

बोनस न्हाई म्हणल्यावर दुसऱ्या दिवशी मी आणि बेगमबी हापिसात गेलो. मालक शंकरप्पा गादीवर बसलते. कपाळाला भस्माचे पट्टे, समोर पानाचा डबा. आमी त्यांना आप्पा म्हणतो. माणूस वाईट न्हाई. पण पैसा सोडायचा म्हणलं की त्यांना पाठीत कळ येते. शेजारी खुर्चीवर त्यांचा लेक हरिओम, पुण्याला शिकून आलेला. आप्पा आमाला बसा म्हणले. खुर्ची एकच होती, तीबी त्याच्याखाली. आमी फरशीवर टेकलो.

"केवळाबाई," आप्पा म्हणले, "शेजारच्या चार मिलींना कुलूप लागलंय, बघितलंत ना? बाहेरून जहाजानं तूर येऊन राहिली. भाव पार बसला. माझी मिल चालू हाय, हाच तुमचा बोनस समजा."

"चालू हाय म्हणता आप्पा," बेगमबी म्हणली, "पण चालवून कोण राहिलंय?"

"चाची, तुमच्याशी बोलण्यात मी हरलो. पण देणार कुठून? बोनस म्हणजे नफ्यातला वाटा. नफा न्हाई तर वाटा कशाचा?"

मी म्हणलं, "आप्पा, नफा लई झाला त्या वर्षी तुमी दोन महिन्याचा दिलता का? एकाच महिन्याचा दिलता. चांगल्या सालाला वाटा न्हाई, मग वाईट सालाला कामून?"

आप्पांनी पानाला चुना लावला. लावलेल्याच पानाला पुन्हा लावला. तवर हरिओमनं टेबलाखालून एक डबा काढला. पितळी भांडं, वर काच, काचेत काटा. "हे ओल मोजायचं यंत्र," तो म्हणला. "दाणे टाकले की आकडा येतो. तसंबी ते दातानं बघणं बंदच करायचं होतं. खायचा माल हाय. तोंडातली थुंकी लागते. दात तरी घासता का तुमी?"

माझे कान तापले. चावलेला दाणा मी बाजूला थुंकते, परत तुरीत टाकत न्हाई. आठ वर्षांत एक दाणा टाकला न्हाई. पण ते त्या पोराला सांगायचं म्हणजे आपणच आपली लाज काढायची. माझ्या पुनमपेक्षा चार वर्षांनी मोठा असंल, आणि मला दात घासता का विचारतो! आप्पाबी खाली बघून पान चघळत बसले, पोराला ए म्हणले न्हाईत. ते मला जास्त लागलं.

मी उठले. "बरं झालं छोटे मालक, तुमीच इषय काढला," मी म्हणलं. "आप्पा, रोज तुमी आमाला हातापायाचा देता. हातपाय तुमचे, दिवसभर राबवा. दातांचा रोज तुमी कधी दिला न्हाई. तो दिवाळीला बोनसात येतो असं मी धरून चालले होते. बोनस न्हाई, तर आजपासून माझे दात माझ्या घरी."

आप्पा हसले. "ठेवा, ठेवा. भाकरी खायला लागतील."

*

त्या दिवशी अंगणात दुसऱ्या उन्हाची तूर होती. मी पदर खोचला आणि पाय ओढत चालू लागले. सवय लई वाईट. बारा वाजता माझा हात आपणहून खाली गेला, दाणा तोंडात आला, दाढेखाली दाबलाबी गेला. कच्चा होता. मान वर करून बघते तर अख्खं अंगण थांबलेलं. तीस जणी, मुकादम, हरिओम, सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी तो दाणा तसाच गिळला आणि पुढं चालू लागले.

तीन वाजता हरिओमनं यंत्रात मूठभर दाणे टाकले. काटा हलला. "आला आकडा! उचला!" त्याचा आवाज बारीक. बाया हलल्या न्हाईत, माझ्याकडं बघितलं. मी पहिली टोपली उचलली. मग सगळ्यांनी उचलली. आमी काम सोडलं असं कुणाला म्हणता येऊ नये, एवढं मला कळत होतं.

यंत्र खोटं नसंल. पण तेल प्यालेला दाणा वरून एक असतो, आतून एक. यंत्राला आत शिरता येत न्हाई.

तूर भरडायला गेली. तयार तुरीचा आवाज सर्र सर्र येतो, ऐकत झोप लागावी असा. हा आवाज चिखलात गाडी फसल्यागत येत होता. खालून डाळ पडली ती चेपलेली, निम्म्याला टरफल चिकटलेलं. खाजामियाँनं ओंजळभर घेतली आणि परत टाकली.

तुमी म्हणाल केवळाबाईला बरं वाटलं असंल. न्हाई वाटलं. मी पत्र्याच्या मागं जाऊन रडले. एवढी टपोरी तूर, कुणीतरी राबून पिकवलेली, आमी बायांनी दोन दिवस पाय भाजून फिरवलेली, आणि तिचा असा चेंदा. माझी दाढ तिथं होती आणि मी गप बसले. बेगमबी आली आणि माझ्याजवळ बसली. "रो मत," म्हणली. "तू न्हाई मारली तिला. पाच मिन्टं रड आणि चल."

दुसऱ्या ढिगाला हरिओमनं चूक सुधारली. म्हणजे एक ऊन जास्त दिलं. ती तूर भरडली तर तुकडेच तुकडे, पोत्यानं चुरी. आप्पा धोतर सावरत मिलीत आले, चुरीत हात घातला, बोटं झटकली आणि पोराकडं असं बघितलं, की ते पोरगं यंत्र पोटाशी धरून हापिसात गेलं. हैदराबादच्या व्यापाऱ्याचा ट्रक दोन दिवसांवर आलता. सणाचा माल. तेच एक बडं गिऱ्हाईक ह्या मंदीत टिकलं होतं, आणि त्याला साफ, पिवळी, एकसारखी डाळ लागायची. आता अंगणात शेवटचा ढीग पसरायचा राहिलता.

*

त्या संध्याकाळी दिवे लागायच्या येळेला आमच्या पत्र्याच्या घरापुढं स्कूटर थांबली. आप्पा स्वतः. आमच्या दारात त्यांची ही पहिली येळ. पुनमचे बाबा उंबऱ्यात बसून मिलीचंच फाटकं बारदान शिवत होते. तेवढं काम त्यांना बसून जमतं. दाभण बाजूला ठेवून उठाया गेले, पण गुडघा येळ घेतो. "बसा अण्णाराव, बसा," आप्पा म्हणले आणि स्वतः पालथ्या घमेल्यावर बसले. हातातला पेढ्याचा पुडा त्यांनी पुनमच्या हातात दिला. कितवीला, कुठल्या क्लासला, सगळं विचारलं. मग माझ्याकडं वळले.

"केवळाबाई, तुमचं मी नाकारत न्हाई. तुमचा बोनस देतो, पूर्ण. वर तुमच्या दातांचा म्हणून आणखी अर्धा महिना. सकाळी येऊन घ्या. निस्तं बाकीच्यांना बोलायचं न्हाई. तीस जणींचं मला झेपत न्हाई. पण तुमचं झेपतं."

खोटं कामून बोलू? माझं मन गेलं. डोळ्यापुढं तो माईक आला, त्यातून नाव वाचणारा तो माणूस आला, आणि त्याच्या तोंडावर मी फी मारून राहिले असं दिसलं. दीड महिन्याचा रोज. डोरलंबी सुटलं असतं. मी म्हणलं, "सकाळी सांगते आप्पा."

स्कूटर गेली. पुनमनं पुडा उघडला न्हाई.

"घे," पुनमचे बाबा म्हणले. "त्यात कसला इचार? कोण बघतंय?"

"बेगमबी बघतीय."

"तिला कशाला कळतंय?"

"तुमाला आठवतं का," मी म्हणलं, "तिची दाढ हलत होती तवा तिनं गप बसायचं ठरवलं असतं, तर तिची किंमत राहिली असती. दोन वर्षं तरी मालक तिला जपत बसला असता. तिनं ती विद्या माझ्या तोंडात घातली. अंगावर लोकांचं लुगडं नेसून आलेल्या बाईच्या तोंडात. आणि मी ती एकटीच्या दीड महिन्याला इकू?"

ते दाभणानं बारदानाला नुसती भोकं पाडत बसले. मग म्हणले, "पण तू न्हाई म्हणलीस तर तो दुसरीला धरंल. ती नागुबाई हाय, तिला थोडं चावाया येतं. पार्वतीबाईलाबी येतं."

"तेच तर."

"दात दुखतो म्हणून कुणाला कामावरून काढता येतं का गं?"

मी त्यांच्याकडं बघितलं. ते गंभीरच होते. त्यांनी मागं सरकून ट्रंक उघडली, आपलं जुनं धोतर काढलं, दातात धरून कडेला चीर दिली आणि टरकन फाडलं. एक पट्टी. मग दुसरी.

"आवं, लग्नातलं धोतर हाय ते!"

"मग काय झालं? आता कुणाशी लगीन करायचंय?" ते म्हणले आणि फाडत राहिले. भूकंपानंतर हा माणूस असा हसलेला मी बघितलाच नव्हता.

पुनम पट्ट्या मोजून घड्या घालू लागली. मी म्हणलं, "पुनम, शनिवारी पुन्हा नाव घेतील बाळा."

"चार येळा ऐकलं न मी?" ती म्हणली. "पाचव्यांदा ऐकून मरत न्हाई. द्या इकडं, मी वाटून येते." आणि ती आमच्या वस्तीत दारोदार पट्ट्या वाटत गेली. पेढेबी तिनं तिकडंच वाटून टाकले, पोरगी माझी आगाऊ हाय.

*

दुसरा अख्खा दिवस आप्पांनी माझ्या उत्तराची वाट बघितली. मी पाय ओढत राहिले, उत्तर दिलं न्हाई. शेवटच्या ढिगाचं दुसरं ऊन होतं त्या दिवशी सकाळी आमी मिलीत गेलो. तीस जणींच्या हनुवटीखालून पांढरी पट्टी, डोक्यावर गाठ. सगळ्यांचे गाल सुजल्यागत. कुणी बोलत न्हाई, कामाला मात्र कुणी एक मिनिट उशीर केला न्हाई. खाजामियाँ दारात उभा होता. त्यानं एकेकीला आत सोडलं आणि मग भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

दुपारी ट्रक दारात येऊन लागला. ड्रायवर हॉर्न वाजवून राहिला. ऊन कलायला लागलं. त्या दिवशी तूर उचलली न्हाई तर रात्रीचं दव खाणार आणि सगळं मुसळ केरात. आप्पा अंगणात उतरले.

"नागुबाई, दाणा चाव गं."

नागुबाईनं गाल धरला. "दात लई ठणकतोय आप्पा."

"पार्वतीबाई?"

"दाढ हाय आप्पा. रातभर झोप न्हाई."

"बसम्मा, तुझं काय?"

बसम्मानं निस्तं कण्हून दाखवलं. ती लई बेस कण्हली. आप्पा ओळीनं पुढं गेले. प्रत्येकीचा दात दुखत होता. शेवटी पत्र्याखाली बेगमबी, तिनंबी पट्टी बांधलेली.

"चाची! तुमाला तर दातच न्हाई!"

"हाव आप्पा," बेगमबीनं बोळकं उघडून दाखवलं, "म्हणून जास्त दुखून राहिलं."

अख्खं अंगण फुटलं. पट्ट्या बांधून हसता येत न्हाई, तरी बाया हसल्या. डोळ्यांतून पाणी येस्तोवर हसल्या. ट्रकचा ड्रायवर खाली उतरून हसाया लागला. खाजामियाँनं तर बसकणच मारली. आप्पांनी स्वतः एक दाणा उचलला, तोंडात टाकला, पानानं खिळखिळ्या झालेल्या दातात इकडून तिकडं फिरवला. आप्पांना काय कळणार? त्यांनी तो थुंकला, आणि माझ्यासमोर आले.

"अर्धा देतो," म्हणले. "सगळ्यांना. अर्धा महिना."

मी पट्टी सोडली न्हाई. तोंड बांधल्यामुळं माझा आवाज जाडा येत होता. "पूर्ण, आप्पा. सगळ्यांना, एकसारखा. मलाबी तेवढाच. वरचा अर्धा मला नको."

"मंदी हाय, केवळाबाई. खोटं बोलत न्हाई मी."

"मलाबी माहीत हाय मंदी हाय. दोन ढीग वाया गेले तेबी माहीत हाय, मी रडलेय त्याला. मंदीत तुमची मिल कुणामुळं टिकली ते त्या हैदराबादवाल्याला इचारा. तो तुमच्या यंत्राचा माल घेतो का आमच्या दातांचा?"

आप्पांनी कलत्या उन्हाकडं बघितलं. ट्रककडं बघितलं. मग लई हळू म्हणले, "बरं."

"असं न्हाई. तुरीवर हात ठेवा."

आमच्यात तशी रीत हाय. धान्यावर हात ठेवून बोललेलं माणूस फिरवत न्हाई. आप्पा वाकले. पाठीत कळ आली असंल, पण वाकले, आणि गरम तुरीत पंजा रोवून म्हणले, "पूर्ण महिना. तीस जणींना. आज ट्रक भरला की लगेच."

"आणि छोट्या मालकांनी एक सांगायचं राहिलंय."

हरिओम खांबाला टेकून उभा होता. पोरगं लाल झालं. पण आलं पुढं. "बाई," म्हणला, "मी दात घासता का म्हणलो, ते चुकलं माझं."

"कडुनिंबानं घासते बाळा," मी म्हणलं. "रोज."

मग मी गाठ सोडली. जबडा हलवून घेतला. चार जागचे चार दाणे घेतले. पहिला दाबला, चेपला. दुसरा थोडा वाजला. "अजून घंटाभर," मी म्हणलं. "पण असं न्हाई, पाय जोरात पायजेत. खालचा दाणा मागं राहिलाय."

तीस पट्ट्या सुटल्या आणि तीस जणी तुरीत उतरल्या. अशा चालल्या जशा कधी चालल्या न्हाईत. खाजामियाँनं चपला काढल्या. हरिओमनं बूट काढले, मोजे काढले, पहिल्या पावलाला "आई गं" म्हणला आणि बायांच्या रांगेत पाय ओढू लागला. नागुबाई त्याला म्हणली, "टाच टेकवू नका, चवड्यावर चला." आप्पा पत्र्याखाली बेगमबीजवळ बसून घड्याळ बघत होते. बेगमबी त्यांना म्हणली, "बघू नका तिकडं. ते न्हाई सांगत."

घंटा झाला, वर थोडा. मी अंगणाच्या मधोमध वाकून दाणा घेतला.

कट्.

"उचलाऽऽऽ!"

माझा आवाज शेजारच्या बंद मिलीच्या पत्र्यावर आपटून परत आला. तीस जणी धावल्या. भरडायला घातली तशी सर्र सर्र आवाज लागला आणि खालून डाळ पडली, पिवळी, साफ, फाकाच्या फाका. खाजामियाँनं ओंजळभर डाळ आणून आधी बेगमबीपुढं धरली. तिनं वास घेतला आणि म्हणली, "आता कसं!"

*

शनिवारी मी पुनमच्या क्लासच्या फाटकात उभी होते. फी आदल्या दिवशी भरली, पावती ब्लाउजात होती, तरी मला ऐकायचं होतं. पोरांचा लोंढा, सायकली, आईबापांची गर्दी. माईक खरखरला. तो माणूस नावं वाचू लागला. मी एकेक नाव ऐकत होते. ज्यांचं आलं त्या लेकरांसाठी वाईट वाटत होतं, तरी ऐकत होते. यादी लांबली. पुनमच्या आडनावाचं अक्षर आलं, मी फाटकाचा गज धरला, आणि तो पुढं गेला. संपली यादी. सुट्टीनंतर सोमवारी क्लास येळेवर सुरू होईल म्हणला आणि माईक बंद केला.

पदराच्या गाठीला मिलीतली तूर होती, चार-दोन दाणे, नेहमी असतात. हात कधी गेला मला कळलं न्हाई. दाणा दाढेखाली आला आणि कट् वाजला. आणि माझ्या तोंडून, त्या अख्ख्या गर्दीत, क्लासच्या फाटकात, जीव खाऊन निघालं,

"उचलाऽऽऽ!"

पाचशे पोरं थांबली. एकाच्या हातातली सायकल पडली. पुनम पायऱ्यांवर उभी होती. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, मला वाटलं पोरगी लाजेनं मरती आता. पण ती हसत होती. हसत हसत गर्दीतून वाट काढत आली आणि तिनं आपलं पुस्तकांचं दप्तर उचलून तुरीच्या टोपलीगत माझ्या डोक्यावर ठेवलं.